प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड एकदम बदललं आणि डिस्प्लेच येईना: बोर्ड गेला असं ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१९ मध्ये असेंबल केलेला डेस्कटॉप. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ३ २२००जी, ८ जीबीची एकच रॅम, १ टीबीची साटा हार्डडिस्क आणि तिच्यावर विंडोज १०. मॉनिटर बोर्डाच्याच एचडीएमआय पोर्टला. एका बैठकीत तुम्ही रायझन ५ ५६०० बसवला, ८ जीबीची आणखी एक रॅम लावली, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (केबलशिवाय थेट बोर्डाच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारी डिस्क) घातली आणि सेकंडहँड आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड लावलं. पंखे फिरतात, लाईट लागतात, डिस्प्ले नाही. बोर्डावरचा सेल काढून पाहिला, रॅमच्या जागा बदलून पाहिल्या, फरक नाही. शेवटी जुना प्रोसेसर परत लावला तेव्हा डिस्प्ले आला, पण बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येऊन मशीन तिथेच थांबतं. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला.

बोर्ड गेलेला नाही. जुन्या प्रोसेसरवर डिस्प्ले आला याचा अर्थ बोर्ड, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा), सॉकेट आणि निदान एक रॅम ठीक आहे. मेलेला बोर्ड प्रोसेसर बदलला म्हणून जिवंत होत नाही. तुमच्याकडे एक बिघाड नसून दोन वेगळ्या अडचणी एकावर एक बसल्या आहेत, आणि चार वस्तू एकदम बदलल्यामुळे त्या एकच वाटताहेत. अपग्रेडनंतर न चालणारी बहुतेक मशीन अशीच असतात. नवा पार्ट खराब निघण्यापेक्षा नवा पार्ट आणि जुनं सेटिंग यांचं न जुळणं कितीतरी जास्त वेळा आढळतं.

घरात दिवा लागत नसेल तर वायरमन मीटरपासून सुरुवात करून एकेक टप्पा पुढे येतो. इथेही तसंच करायचं. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत चार टप्पे आहेत. एसएमपीएस वीज देतो. मग बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स ओळखून तपासतं, याला पोस्ट म्हणतात. मग बायोस डिस्कवरचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, शोधतं. शेवटी विंडोज स्वतःचे ड्रायव्हर घेऊन उभं राहतं. मशीन कोणत्या टप्प्यावर अडतंय हे ठरलं की निम्मं काम झालं. नव्या प्रोसेसरवर तुम्ही दुसऱ्या टप्प्यावर अडलात, जुन्या प्रोसेसरवर तिसऱ्या. म्हणूनच म्हणतो, अडचणी दोन आहेत.

पंखे फिरणं हा कसलाच पुरावा नाही, हेही आधीच सांगतो. एसएमपीएस चालू झाला की पंख्यांना १२ व्होल्ट मिळतात आणि ते फिरतात, प्रोसेसर एक ओळ तरी चालवतोय की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पोस्ट झालं की नाही हे बघायला कीबोर्डवरचं कॅप्स लॉक किंवा नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर बोर्ड पुढे गेलाय आणि अडचण फक्त चित्र दिसण्याची आहे. दिवा ढिम्म असेल तर पोस्टच झालेलं नाही. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक एलईडी असतात. जो पेटून राहतो तिथे गाडी अडली. ते नसतील तर बोर्डाच्या स्पीकर पिनांवर लावायचा छोटा बीपर स्वस्तात मिळतो, तो एकदा घेऊन ठेवा.

आता पहिली अडचण. बी४५० चे बोर्ड २०१८ मध्ये आले, रायझन ५ ५६०० एप्रिल २०२२ मध्ये. सॉकेट दोघांचा एएम४, त्यामुळे प्रोसेसर सुतासारखा सरळ बसतो आणि माणसाला वाटतं की झालं. पण प्रोसेसर जागा कसा करायचा, त्याचा मेमरी कंट्रोलर कसा चालू करायचा हे सगळं बायोसमध्ये लिहिलेलं असतं. २०१९ च्या बायोसला २०२२ चा प्रोसेसर माहीत असणं शक्यच नाही. त्यामुळे पंखे फिरत राहतात आणि पुढे काहीच होत नाही. सेल काढून हे सुटणार नव्हतं, कारण सेल काढल्यावर फक्त सेटिंग पुसली जातात, बायोस तेच राहतं. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलची सीपीयू सपोर्टची यादी असते आणि प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कोणतं बायोस हवं ते लिहिलेलं असतं. नवा प्रोसेसर मागवण्याआधी बघायची हीच यादी.

इंटेलवाल्यांचंही हेच, किंबहुना थोडं जास्त फसवं. सहाव्या-सातव्या पिढीचा आणि आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेट एलजीए ११५१ याच नावाचा आहे, पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. जुन्या एच११० किंवा बी२५० वर तो चालत नाही आणि कंपनीचं कुठलंही बायोस अपडेट त्यावर उपाय नाही. बाराव्या पिढीसाठी घेतलेल्या एच६१० किंवा बी६६० बोर्डावर तेरावी-चौदावी पिढी चालते, मात्र नवं बायोस टाकल्यावर.

दुसरी अडचण, जुन्या प्रोसेसरवर डिस्क न सापडण्याची. इथे तीन संशयित आहेत आणि मी ते याच क्रमाने तपासेन. कॅबिनेटमध्ये हात घालून काम करताना साटाची केबल ढिली होणं सगळ्यात जास्त वेळा घडतं. चाप नसलेल्या जुन्या केबलींना तर निमित्तच लागतं. दुसरा संशयित तुमची नवी एसएसडी. एएम४ प्रोसेसरमधून स्टोरेजसाठी येणाऱ्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, बोर्ड दोन प्रकारे वापरू शकतो: चारही लेन एनव्हीएमईला, किंवा दोन एनव्हीएमईला आणि उरलेल्या दोन साटा पोर्टना. त्यामुळे अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की दोन साटा पोर्ट गुपचूप बंद पडतात. कोणते पोर्ट बंद होतात हे मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या पानावर बारीक अक्षरात दिलेलं असतं. तुमची हार्डडिस्क त्यातल्याच पोर्टवर असेल तर ती बायोसमध्ये दिसणारच नाही, आणि डिस्क खराब झाली असं वाटून माणूस घाबरतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की डिस्क परत हजर होते.

तिसरा संशयित म्हणजे तुम्ही काढलेला सेल. सेल काढल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातं, आणि मूळ सेटिंग म्हणजे तुमच्या मशीनची सेटिंग नव्हे. त्यातलं कळीचं सेटिंग सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होऊ देण्याची सोय. जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर डिस्कवर विंडोज टाकलेलं असेल तर सीएसएम चालू लागतं. नव्या यूईएफआय पद्धतीने, म्हणजे जीपीटी डिस्कवर टाकलेलं असेल तर ते बंद चालतं आणि बंदच बरं. बायोसमध्ये जाऊन बूटची यादी बघा. विंडोज बूट मॅनेजर अशी नोंद दिसली तर इन्स्टॉलेशन यूईएफआयचं आहे. डिस्कचं मॉडेल नाव दिसतंय पण ही नोंद नाही, तर बहुधा जुनी पद्धत आहे. सीएसएम चालू करून पाहा. त्याच जातीचं दुसरं सेटिंग साटा मोडचं, म्हणजे डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, एएचसीआय की रेड. विंडोज एका मोडमध्ये टाकलेलं असताना मोड बदलला तर निळ्या पडद्यावर बूट डिव्हाइसपर्यंत पोचता येत नाही असा स्टॉप कोड येतो. तिथे विंडोज परत टाकायची घाई नको. मोड पूर्ववत केला की मशीन सुरू होतं.

आणि एक विनंती. यादरम्यान कुठेही फॉरमॅट, इनिशियलाइज, क्लीन असले पर्याय समोर आले तर हात लावू नका. तुमचा डेटा हार्डडिस्कवर जसाच्या तसा आहे. लोकांचे फोटो आणि हिशेब अपग्रेडमुळे जात नाहीत, घाईत दिलेल्या होकारामुळे जातात.

तर सुरुवात मागे जाऊन करायची. मशीन शेवटचं नीट चालत होतं त्या अवस्थेत आणा: जुना प्रोसेसर, जुनी एकच रॅम तिच्या मूळ स्लॉटमध्ये, ग्राफिक्स कार्ड बाहेर, एसएसडी बाहेर, हार्डडिस्क तिच्या पूर्वीच्या पोर्टवर, मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला. वर सांगितलेली सेटिंग तपासून जुनं विंडोज एकदा पूर्ण उघडू द्या. हे कंटाळवाणं वाटतं, नवे पार्ट टेबलावर पडलेले असताना तर फारच. पण या पायावर उभं राहूनच पुढचं प्रत्येक पाऊल तपासता येतं. विंडोज उघडल्यावर सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. तिथे बोर्डाचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि बायोस मोड लेगसी की यूईएफआय हे तिन्ही मिळतं. फोटो काढून ठेवा. महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि मशीन बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा. नाहीतर विंडोजचं फास्ट स्टार्टअप कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं आणि पार्ट बदलल्यावर तीच जुनी अवस्था उठवायला जातं.

आता बायोस. बोर्डाच्या मॉडेलसोबत त्याची रिव्हिजनही बघा, ती बोर्डावर कोपऱ्यात छापलेली असते. काही कंपन्यांत एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनना वेगळी फाइल लागते. फाइल उतरवून अनझिप करा, फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि बायोसच्या आतल्याच अपडेटच्या सोयीतून टाका. विंडोजमधून बायोस टाकणारी सॉफ्टवेअर असतात, मी ती वापरत नाही. डाउनलोडच्या पानावरच्या सूचना वाचा. काही बोर्डांना आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते. काही ठिकाणी अशीही सूचना असते की जुन्या पिढीचा प्रोसेसर वापरत असाल तर हे अपडेट करू नका, कारण १६ एमबीच्या चिपमध्ये सगळ्या पिढ्यांचा कोड मावत नाही आणि नव्यांना जागा करताना जुन्यांचा आधार काढला जातो. तुमच्या बोर्डाच्या पानावर २२००जी बद्दल असं काही लिहिलं असेल तर अपडेट अगदी शेवटी, नवा प्रोसेसर हाताशी ठेवून करा, आणि परतीची वाट नाही हे धरून चाला.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड खरोखर जाऊ शकतो. पावसाळ्यात संध्याकाळी विजा चमकत असताना हे काम काढू नका. यूपीएस असेल तर त्यावर, नसेल तर शेजाऱ्याचा मागून आणा, एवढा त्रास घेण्यासारखं हे काम आहे. काही बोर्डांना मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्यावर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतं. ज्यांच्याकडे जुना प्रोसेसर उरलेलाच नाही त्यांना तेच सोयीचं. नाहीतर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातल्या ओळखीच्या दुकानात फक्त बायोस टाकून घ्या.

बायोस टाकल्यावर सेटिंग पुन्हा मूळपदावर जातात, हे विसरू नका. २०२१ मध्ये विंडोज ११ आल्यापासून बऱ्याच नव्या बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली, सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी सोय) आपोआप चालू असतो आणि काहींत सीएसएम बंद. म्हणून नवा प्रोसेसर लावण्याआधी जुन्यावरच एकदा मशीन सुरू करून विंडोज उघडतंय का ते बघा. नव्या बायोसमधून २२००जी चा आधार काढल्याची सूचना लागू असेल तर ही पायरी मात्र सोडावी लागेल.

मग प्रोसेसर. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि तो सॉकेटमध्ये फक्त एका दांड्याने धरलेला असतो. थर्मल पेस्ट वाळून चिकटलेली असेल आणि तुम्ही हीटसिंक सरळ वर ओढलात तर दांडा बंद असतानाच प्रोसेसर हीटसिंकला चिकटून बाहेर येतो. पिना वाकतात त्या तेव्हा. म्हणून मशीन आधी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, प्लग काढा, चारही स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे सैल करा आणि हीटसिंक डावी-उजवीकडे पिळत मोकळा करा. २२००जी सोबत आलेला कंपनीचा कूलर थेट मागच्या पट्टीत स्क्रूने बसतो, त्यामुळे शेवटचा स्क्रू सुटला की बोर्डामागची लोखंडी पट्टी निसटून खाली पडते. कॅबिनेटची मागची बाजू उघडी ठेवून ती हाताने धरा. नवा प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बोटाने दाबावं लागत असेल तर थांबा, उचला, उजेडात धरून पिनांच्या रांगा तिरक्या बघा. एखादी पिन कलली असेल तर ती रांगेतून लगेच वेगळी दिसते आणि पातळ पात्याने हळूच सरळ करता येते.

इथे तुमच्या प्रश्नातली आणखी एक गोष्ट. २२००जी मध्ये ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच होतं, ५६०० मध्ये ते नाही. रायझनच्या या पिढ्यांत नावामागे जी असेल तर ग्राफिक्स आत आहे, नसेल तर नाही. इंटेलमध्ये उलट, मागे एफ असेल तर ग्राफिक्स नाही. म्हणजे ५६०० लावल्यावर बोर्डाच्या एचडीएमआयमधून कधीच चित्र येणार नाही, केबल ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टला लावायची. तुम्ही ती कुठे लावली होती ते लिहिलेलं नाही, पण वर्षानुवर्षांच्या सवयीने हात जुन्याच पोर्टकडे जातो. मॉनिटर जुना व्हीजीएचा असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा: आरएक्स ६६०० मधून ॲनालॉग सिग्नल निघत नाही, साधी पिन बदलणारी जोडणी चालणार नाही, चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि त्यातलेही काही विंडोज उघडेपर्यंत चित्र देत नाहीत. तपासणीपुरता कुणाचा तरी एचडीएमआयचा मॉनिटर किंवा टीव्ही वापरा.

कार्डाच्या वीजपुरवठ्याबद्दल मात्र मी जरा जोर देऊन लिहिणार आहे, कारण बाकीच्या चुकांत वेळ जातो, इथे पार्ट जळतात. आरएक्स ६६०० ची गरज साधारण १३२ वॅट. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, उरलेले वरच्या ८ पिनांतून. एसएमपीएसमधून ८ पिनांच्या दोन वेगळ्या केबली निघतात: प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते, ग्राफिक्सची ६ अधिक २ अशी. दिसायला सारख्या, आतली वायरिंग उलटी. एक दुसरीत जोर लावून घुसवू नका. जुन्या ४५० वॅटच्या साध्या एसएमपीएसला अनेकदा ग्राफिक्सची केबलच नसते, मग दुकानात साटापासून ८ पिन करणारा ॲडॉप्टर मिळतो. तो घेऊ नका. साटाच्या पॉवर कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट आणि ८ पिन १५० वॅटपर्यंत ओढू शकते. प्लास्टिक वितळून आग लागण्यासारखी ही जोडणी आहे. एसएमपीएसच बदला. आणि बदलताना तो मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, असेल तर जुन्याच्या केबली नव्याला लावू नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा नाही. डिस्कच्या बाजूचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनवर काय हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्डडिस्क त्याच क्षणी जाते, आणि डेटा परत काढणं ही मग महागडी, बेभरवशाची गोष्ट होते.

तेव्हा या टप्प्यावर नवा प्रोसेसर, कार्ड, जुनी एकच रॅम आणि हार्डडिस्क, एवढ्यावर मशीन सुरू करा. प्रोसेसरच्या ४ अधिक ४ केबलची जोडणी हाताने तपासा. कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात अडचणीत असल्याने तीच राहून जाते, आणि ती नसली की पंखे फिरतात पण पोस्ट होत नाही. पहिल्यांदा सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर येईल: नवा प्रोसेसर बसवला आहे, एफटीपीएमची नोंद बदलली आहे, वाय दाबलं तर ती पुसून नवी केली जाईल, एन दाबलं तर जुनी नोंद ठेवून पुढे जाईल. मशीन तिथे उत्तराची वाट बघत थांबतं. ते हँग झालेलं नाही. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू नसेल तर वाय दाबा. चालू असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की हातात हवी, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. घरी असेंबल केलेल्या विंडोज १० च्या मशीनवर एन्क्रिप्शन सहसा नसतं. विंडोज ११ आणि लॅपटॉपवर मात्र ते आपोआप चालू झालेलं असू शकतं आणि मालकाला पत्ताही नसतो. अशा मशीनवर बायोस किंवा पार्ट बदलण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा आणि की लिहून ठेवा. की नसेल तर डेटा उघडण्याचा कोणताही मार्ग नाही, माझ्याकडेही नाही आणि कुणाकडेही नाही.

इथपर्यंत विंडोज उघडलं की मग रॅम. नवी रॅम जुनीच्या वेगाची, जुनीच्याच व्होल्टेजची असली तरी दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. बऱ्याच बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला चाप असतो. चापाकडचं टोक टक्क करून बसतं आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. दोन्ही टोकं वेगवेगळी दाबा आणि बाजूने बघून सोनेरी पट्टी सारखी आत गेली का ते तपासा. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवण्याचं सेटिंग, सुरुवातीला बंदच ठेवा. दोन पट्ट्यांवर मशीन स्वतःहून दोनदा-तीनदा बंद-चालू होत असेल तर बोर्ड रॅमशी जुळवून घ्यायचा प्रयत्न करतोय, त्याला वेळ द्या. डीडीआर५ च्या नव्या मशीनवर पहिल्या वेळी यात काही मिनिटं जातात आणि लोक घाबरून मधेच बटण दाबतात. त्यानंतरही जमलं नाही तर नवी पट्टी एकटी लावून बघा. एकटी चालते, जुनी एकटी चालते, दोघी मिळून चालत नाहीत, तर वेग एक पायरी कमी करा. तरी नाही जमलं तर पट्टी परत करून जोडी घ्या. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत रॅमचे संपर्क काळपट पडतात. त्यावर खोडरबर घासण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड जास्त चांगलं, रबराचा भुगा स्लॉटमध्ये जात नाही.

शेवटी एसएसडी. माझा सल्ला विंडोज नव्याने टाकण्याचा आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ५६०० विंडोज ११ च्या यादीत आहे, २२००जी नव्हता. एसएसडी लावा, सीएसएम बंद करा, एफटीपीएम चालू आहे का बघा, आणि इन्स्टॉल करताना हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. ही केबल काढणं फार महत्त्वाचं आहे. दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या तर विंडोज एसएसडीवर जातं पण बूटलोडर कधी कधी हार्डडिस्कवरच्या आधीच्या बूट पार्टिशनमध्ये जाऊन बसतो. तेव्हा काहीच कळत नाही, सगळं छान चालतं. वर्षभराने जुनी हार्डडिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही, आणि धडधाकट एसएसडी खराब ठरवली जाते. इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्यावर मशीन बंद करा, हार्डडिस्क चालू राहणाऱ्या साटा पोर्टला जोडा आणि बायोसमध्ये एसएसडीवरचा विंडोज बूट मॅनेजर पहिला ठेवा.

क्लोनच करायचं, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायची, असेल तर तेही चालतं, दोन अटींवर. जुनं इन्स्टॉलेशन एमबीआर असेल तर विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर टू जीपीटी या साधनाने ते बदलता येतं. हे साधन विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून आहे, डेटा जात नाही, तरी बॅकअप आधी. आणि क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, कारण दोन्ही डिस्कची ओळख एकच असते आणि बूटलोडर चुकीच्या डिस्कवर जाऊ शकतो. साटावरून एनव्हीएमईवर आल्यावर बूट डिव्हाइसचा निळा पडदा आला तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. विंडोज एनव्हीएमईचा ड्रायव्हर बूटसाठी चालू करून घेतं आणि पुढच्या वेळी नेहमीसारखं उघडतं. इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीपासूनच्या काही मशीनवर, विशेषतः लॅपटॉपवर, इन्स्टॉल करताना एसएसडी दिसतच नाही. तिथे बायोसमध्ये व्हीएमडी हे इंटेलचं डिस्क हाताळण्याचं सेटिंग चालू असतं. ते बंद करा किंवा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून लोड करा. आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर मात्र व्हीएमडीला हात लावू नका, नाहीतर तेही उघडणार नाही.

एवढं करूनही नव्या प्रोसेसरवर पोस्ट झालं नाही तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढा, त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि प्रोसेसर, कूलर, एक रॅम, कार्ड, एसएमपीएस एवढंच जोडून बघा. बाहेर चालला आणि आत नाही, तर बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) भोकाशिवायच्या जागी येऊन शॉर्ट करतोय. बाहेरही चाललं नाही, तर प्रोसेसर दुसऱ्या कुणाच्या एएम४ मशीनवर, ज्याचं बायोस पुरेसं नवं आहे अशावर, लावून बघा आणि कार्डही तसंच. सेकंडहँड कार्डाबद्दल मला नव्या प्रोसेसरपेक्षा जास्त शंका आहे. बोर्ड बदलायचे पैसे मात्र या चाचणीआधी देऊ नका.

कुठे अडलात तर कळवा, आणि कळवताना बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन, बायोसची आवृत्ती, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, कोणता एलईडी पेटून राहतो आणि कॅप्स लॉक प्रतिसाद देतं का, एवढं नक्की लिहा.